साथीत रुग्णालयातल्या माणसांना मानसिक आधार देण्याचं काम कसं उभं राहिलं

जागतिक आरोग्य संघटनेनं ३० जानेवारी २०२० रोजी कोविडची साथ ही आंतरराष्ट्रीय आणीबाणी असल्याचं जाहीर केलं, ११ मार्चला तिला महासाथ म्हटलं आणि ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचं सांगितलं. या सव्वातीन वर्षांत रुग्णालयाच्या आत आणखी एक काम चालू होतं. जे रुग्ण सांभाळत होते, त्यांचं मन सांभाळायचं काम. आम्ही त्यात होतो. आमच्या गटात मानसोपचारतज्ज्ञ होते, समुपदेशक होते, एक वरिष्ठ सिस्टर होत्या आणि ड्यूटीचा तक्ता लावणारे प्रशासनातले एक गृहस्थ होते. पुढची साथ केव्हातरी येणारच. तेव्हा ज्यांच्या गळ्यात ही जबाबदारी पडेल, त्यांना सुरुवात कुठून करायची, कुठे अडतं आणि कोणत्या कागदावर काय लिहायचं हे आधीच ठाऊक असावं, म्हणून घडलं त्या क्रमानं लिहीत आहोत.

साथ दाराशी आली तेव्हा

मार्च २०२० पर्यंत चीनमधून दोन गोष्टी वाचायला मिळाल्या होत्या. एक होती ३४ रुग्णालयांतल्या १,२५७ डॉक्टर-नर्सची पाहणी. त्यात ५०.४ टक्के लोकांमध्ये नैराश्याची, ४४.६ टक्क्यांमध्ये चिंतेची आणि ३४ टक्क्यांमध्ये निद्रानाशाची लक्षणं आढळली होती. दुसरी होती चांगशा शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयाची हकिगत, आणि आमच्या कामाची दिशा तिच्यामुळे ठरली. तिथे कर्मचाऱ्यांसाठी ऑनलाइन धडे, हेल्पलाइन, गटसत्रं असं सगळं झटपट उभं केलं गेलं, पण लोक यायलाच तयार नव्हते. नर्स चिडचिड करत होत्या, थकून गेल्या होत्या, तरी आम्हाला काही झालेलं नाही असंच म्हणत होत्या. खोलात जाऊन विचारल्यावर कळलं, की त्यांना मानसशास्त्रज्ञापेक्षा पुरेशी विश्रांती आणि पुरेशी संरक्षक साधनं हवी होती. मग रुग्णालयानं राहण्याची, जेवणाची, रोजच्या वस्तूंची सोय केली, घरच्यांना धीर यावा म्हणून कामाचे व्हिडिओ काढून पाठवायला मदत केली आणि समुपदेशकांना विश्रांतीच्या जागी पाठवलं.

त्यानंतर महिन्याभरात अमेरिकेतल्या ६९ डॉक्टर-नर्सशी झालेल्या बैठकांचं टिपण प्रसिद्ध झालं. त्यांना वाटणाऱ्या चिंता आठ होत्या: मास्क-गाऊन मिळेल का, संसर्ग घरी नेईन का, मला लक्षणं आली तर तपासणी लगेच होईल का, मी आजारी पडलो तर संस्था माझ्या कुटुंबाकडे बघेल का, मुलांना कोण सांभाळणार, तास वाढले तर जेवणखाण-जाण्यायेण्याचं काय, अनोळखी विभागात टाकलं तर काम जमेल का आणि खरी माहिती वेळेवर मिळेल का.

हे आठ प्रश्न एका पानावर काढून आम्ही प्रत्येक विभागात फिरलो. मानसिक आरोग्याची प्रश्नावली त्या टप्प्यावर कुणाच्याही हातात दिली नाही. प्रत्येक प्रश्नासमोर दोन रकाने होते: जबाबदारी कोणाची आणि उत्तर कधीपर्यंत. ज्या प्रश्नाला उत्तर नव्हतं तिथे ‘आज उत्तर नाही, शुक्रवारी सांगतो’ असं लिहिलं आणि शुक्रवारी नुसतं ‘अजून नाही’ सांगायचं असलं तरी माणूस पाठवला. पुढे लोक आमच्याशी मन मोकळं करू लागले, त्याचं मूळ या शुक्रवारच्या फेरीत आहे असं आमचं मत आहे.

फेरीत कोण सुटतं तेही लिहितो. कंत्राटी सफाई कर्मचारी, वॉर्डबॉय, शवागारातले लोक, रुग्णवाहिकेचे चालक, सुरक्षारक्षक, प्रयोगशाळेत स्वॅब हाताळणारे तंत्रज्ञ. त्यांचा हजेरीपट वेगळा असतो, त्यामुळे कर्मचारी विभागाच्या यादीत त्यांची नावंच नसतात. यादी कंत्राटदाराकडून आणि प्रत्येक पाळीच्या मुकादमाकडून मागून घ्यावी लागते. ती कामाच्या पहिल्याच आठवड्यात मागा, कारण लाट आल्यावर माणसं सारखी बदलतात.

परिपत्रक

लाट येण्याआधी प्रमुखांची सही चार गोष्टींवर हवी. संसर्ग झाल्यास किंवा विलगीकरणात राहावं लागल्यास ते दिवस ड्यूटीत धरले जातील. आधार गटाकडच्या नोंदी कर्मचारी विभागाला, वरिष्ठांना, चौकशी समितीला दाखवल्या जाणार नाहीत. जिवाला धोका असेल तेवढा एकच अपवाद, आणि तेव्हाही गरजेपुरतंच सांगितलं जाईल. पाळीची प्रमुख सिस्टर किंवा डॉक्टर एखाद्याला त्या दिवसापुरतं कामातून बाजूला करू शकतील, कारण लेखी मागितलं जाणार नाही. आणि चौथी, प्रत्येक पाळीत एक रिलीव्हर असेल, म्हणजे ज्याला स्वतःचे रुग्ण नेमून दिलेले नाहीत असा माणूस.

पहिल्या तिन्हींसाठी वेगळा पैसा मागावा लागत नाही, चौथीला लागतो. चारही गोष्टी एकाच टिपणीत घातल्या तर ती लेखा विभागात जाते, तिथे शंका निघतात, फाईल खाली येते, पुन्हा वर जाते, आणि खर्च नसलेल्या गोष्टीही तिच्याबरोबर अडकतात. म्हणून दोन वेगळ्या टिपण्या करा. रिलीव्हरच्या टिपणीला जोड म्हणून आजारपणामुळे रिकाम्या राहिलेल्या पाळ्यांचा हिशेब लावा. सहानुभूतीच्या चार परिच्छेदांपेक्षा तो एक तक्ता लवकर सही मिळवून देतो.

गोपनीयतेचं कलम मोघम असेल तर बाकी सगळं वाया जातं. ‘माहिती गोपनीय ठेवली जाईल’ एवढ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि ते बरोबरच आहे. नोंद कुठे ठेवली जाईल, किल्ली कोणाकडे असेल, नावाऐवजी क्रमांक असेल का, किती काळानं कागद नष्ट होतील, हे स्पष्ट लिहा. भेटीची खोलीही मानसोपचार विभागाच्या रांगेत नको. वाचनालय, प्रशिक्षण वर्ग अशा ठिकाणी, जिथे जाताना कुणी पाहिलं तरी प्रश्न पडणार नाही, अशी जागा शोधा.

ड्यूटीचा तक्ता हेच पहिलं औषध

या कामात आमचा सर्वांत जास्त वेळ तक्त्यावर गेला आणि तो सत्कारणी लागला.

पीपीई घालून सहा तासांची ड्यूटी म्हणजे सहा तास नसतात. नीट घालायला पंधरा-वीस मिनिटं, काढायला तितकीच, शिवाय आंघोळ. आत असताना पाणी नाही, लघवीला जाता येत नाही. म्हणून लोक आत जाण्याआधी पाणी पिणंच टाळतात, मग डोकं दुखतं, चक्कर येते आणि चिडचिड वाढते. आम्ही सलग चार तासांनंतर बाहेर येणं बंधनकारक करायला लावलं. रिलीव्हर लागतो तो इथे. तो नसेल तर नियम नुसता कागदावर राहतो, कारण आपले रुग्ण वाऱ्यावर सोडून कुणी बाहेर येत नाही.

पोशाख काढण्याची खोली ही वेगळीच जागा आहे. संसर्गाचा धोका तिथे मोठा, आणि माणूस तिथे पोचतो तेव्हा सगळ्यात दमलेला असतो. दारात एक निरीक्षक हवा, त्यानं पायऱ्या मोठ्यानं वाचायच्या आणि समोरच्यानं फक्त ऐकून करायच्या: हातमोजे, हात निर्जंतुक, गाऊन, हात निर्जंतुक, चष्मा, शेवटी मास्क, पुन्हा हात. (पोशाखाच्या प्रकाराप्रमाणे क्रम थोडा बदलतो, तुमच्याकडच्या संसर्ग नियंत्रण गटानं ठरवलेला क्रम भिंतीवर लावा.) ‘आपण मास्क आधी काढला की काय’ या शंकेनं रात्रभर डोळ्याला डोळा न लागलेली माणसं आमच्याकडे कितीतरी आली. निरीक्षक नेमल्यावर ही शंका बरीच ओसरली, कारण दुसऱ्या कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेलं असायचं.

रात्रपाळ्या सलग तीनपेक्षा जास्त नकोत. दोन पाळ्यांमध्ये निदान अकरा तास मोकळे हवेत. पाळी फिरवायची तर सकाळ, मग दुपार, मग रात्र अशी पुढे सरकवा. रात्रीवरून दुपारवर आणि दुपारवरून सकाळवर आणलं तर शरीराला जुळवून घ्यायला जड जातं. सतरा तास सलग जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखा चुकतो, हे १९९७ मधल्या प्रयोगात दिसलं आहे. तक्त्यावर वाद झाला की आम्ही ही एक ओळ पुढे करत असू.

रात्री मधे वीस मिनिटांची डुलकी मिळाली तर खूप फरक पडतो. अर्ध्या तासापेक्षा लांबली तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि उठल्यावर पंधरा-वीस मिनिटं डोकं जड राहतं. त्या वेळात औषधाचा डोस मोजू नये. डुलकीसाठी अंधार, आडवं व्हायला जागा आणि आपला फोन दुसऱ्याच्या हातात, एवढं लागतं. फोन स्वतःजवळ असेल तर झोप लागत नाही.

जोडीदार आणि पाळी संपतानाची दहा मिनिटं

लाट चढायला लागली तशी हेल्पलाइन सुरू झाली. फोन फारसे वाजले नाहीत. चांगशाचा अनुभव माहीत होता, त्यामुळे आम्ही थांबून न राहता वॉर्डाच्या बाहेरच्या खोलीत जाऊन बसू लागलो. ‘कसं वाटतंय?’ हा प्रश्न तिथे चालत नाही. त्याचं उत्तर ठरलेलं असतं: ‘ठीक.’ ‘काल किती झोप झाली?’, ‘आज पाणी प्यायला कधी मिळालं?’, ‘घरी शेवटचं कधी बोललात?’ असं विचारलं की माणूस हिशेब करू लागतो आणि हिशेब करता करता बोलू लागतो.

जोड्या लावण्याची पद्धत फौजेतून आली आहे. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०२० मध्ये ती रुग्णालयासाठी बसवली. जोडी समान पातळीवरची हवी, म्हणजे सिस्टरला सिस्टर, निवासी डॉक्टरला निवासी डॉक्टर. वरिष्ठ-कनिष्ठ अशी जोडी लावली की कनिष्ठ माणूस खरं बोलत नाही. एकमेकांशी रोज बोलायचं, पाच मिनिटं पुरतात. तीन गोष्टी विचारायच्या: आज सगळ्यात जड काय गेलं, काय नीट झालं, उद्यासाठी काय हवंय. सल्ला द्यायचा नाही. जोडीदार आजारी पडला तर मागे राहिलेल्याला यादीतल्या आदल्या जोडीत तिसरा म्हणून घ्यायचं, एकट्याला ठेवायचं नाही, आणि ही यादी तक्ता लावणाऱ्याकडेच असली पाहिजे.

पाळी संपताना दहा मिनिटं सगळ्यांनी उभ्याउभ्या बोलायचं, हा दुसरा भाग. बसलं की बैठक होते आणि बैठक लांबते. नियम थोडेच: येणं ऐच्छिक, चूक कुणाची हे ठरवायचं नाही, घडलेल्या प्रसंगाचं बारीकसारीक वर्णन करायला कुणाला भाग पाडायचं नाही. शेवटचा नियम महत्त्वाचा आहे. एखाद्या भीषण प्रसंगानंतर लगेच सगळ्यांना एकत्र बसवून तपशिलात बोलतं करण्याची एकवेळची सत्रं (डीब्रीफिंग) पूर्वी सर्रास घेतली जात. त्यांनी पुढचा आघातजन्य ताण टळत नाही, काही अभ्यासांत तर त्यांत बसलेल्यांची अवस्था जास्त बिघडली. वरून कुणी ‘सगळ्यांचं डीब्रीफिंग करून घ्या’ असा आदेश काढला तर तो नम्रपणे थांबवा आणि त्याऐवजी मानसिक प्रथमोपचाराचं प्रशिक्षण सुचवा. जागतिक आरोग्य संघटनेची त्यावरची पुस्तिका २०११ पासून उपलब्ध आहे. बघा, ऐका, जोडून द्या, एवढाच तिचा गाभा आहे, आणि पाळीच्या प्रमुखांना तो एका दुपारीत शिकवता येतो.

मृत्यूचा फोन

लाट माथ्यावर असताना लोकांना सगळ्यात जास्त कशानं पोखरलं असेल तर ते नातेवाइकांना करायच्या फोननं. माणूस एकटा गेला, घरच्यांना आत येता आलं नाही, आणि शेवटचा आवाज म्हणून एका अनोळखी डॉक्टरचा किंवा सिस्टरचा आवाज. हे फोन बहुतेक वेळा सगळ्यात कनिष्ठ निवासी डॉक्टरच्या वाट्याला यायचे, कारण बाकीचे हात गुंतलेले असायचे. आमचं स्पष्ट मत आहे, की हे काम नेमून द्यावं, फिरतं ठेवावं आणि त्याचं प्रशिक्षण द्यावं.

फोन करण्याआधी केसपेपर समोर ठेवायचा, रुग्णाचं आणि नातेवाइकाचं नाव मोठ्यानं वाचायचं, वेळ लिहायची आणि बसून बोलायचं. पलीकडचा माणूस गाडी चालवतोय का, जवळ कुणी आहे का, हे आधी विचारायचं. ‘वाईट बातमी आहे’ म्हणून क्षणभर थांबायचं. मग ‘गेले’ किंवा ‘मृत्यू झाला’ असं सरळ सांगायचं. ‘आम्ही वाचवू शकलो नाही’, ‘प्रकृती खालावली’ अशा वाक्यांतून ऐकणाऱ्याला आशा राहते आणि तेच पुन्हा सांगावं लागतं. नंतर शांतता येते. ती भरायची नाही. रडणं, ओरडणं, आरोप, काहीही येऊ शकतं; खुलासे तिथे द्यायचे नाहीत. खरं असेल तरच ‘शेवटी सिस्टर त्यांच्याजवळ होत्या’ हे सांगायचं. देह कुठे, केव्हा, कोणत्या कागदावर मिळेल हे दुसऱ्या फोनवर सांगायचं आणि तो फोन कोण करणार याचं नाव लगेच द्यायचं, कारण पहिल्या फोनमधलं पुढचं काही लक्षात राहत नाही.

फोन ठेवल्यावर पाच मिनिटं त्या व्यक्तीला दुसरं काम द्यायचं नाही. एका पाळीत एकाच माणसानं असे दोनच फोन करायचे, तिसरा दुसऱ्यानं करायचा, असं आम्ही ठरवलं होतं. आकडा तुम्ही तुमच्या परिस्थितीप्रमाणे ठरवा, पण आकडा असू द्या. नाहीतर ज्याला हे बरं जमतं त्याच्याच गळ्यात ते पडत राहतं आणि तोच आधी कोसळतो.

याला लागूनच येतो नैतिक आघात. खाट एक आणि रुग्ण दोन, अशा वेळी निवड करावी लागलेल्या माणसाला भीतीपेक्षा अपराधीपणा जास्त छळतो. तो समुपदेशनानं पुसला जात नाही. मुळातच व्यवस्था अशी असावी, की खाटेचा निर्णय रुग्णाजवळ उभा असलेला डॉक्टर एकटा घेणार नाही. वेगळी समिती, लेखी निकष, निर्णयावर समितीची सही. वॉर्डातल्या डॉक्टरनं फक्त माहिती द्यायची. समितीची पाळीही फिरती हवी, कारण ओझं फक्त तिकडे सरकलेलं असतं.

प्रश्नावली, आणि तिचा नववा प्रश्न

उपचारांची सोय तयार नसेल तर तपासणी करू नका. हे आम्ही अगदी आग्रहानं सांगू. माणसानं कागदावर खरं लिहिलं आणि पुढे महिनाभर कुणी फिरकलंच नाही, तर पुन्हा तो कधीच लिहीत नाही. मानसोपचारतज्ज्ञाचे आठवड्यातले ठराविक तास राखून ठेवल्यावरच आम्ही प्रश्नावली वाटली.

नैराश्यासाठी पीएचक्यू-९ आणि चिंतेसाठी जीएडी-७ या दोन प्रश्नावल्या पुरतात, वापरायला परवानगी लागत नाही आणि भरायला काही मिनिटंच जातात. दोन्हींत गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात आणि प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण असतात. पीएचक्यू-९ मध्ये एकूण २७ पैकी १० किंवा जास्त आले तर सविस्तर भेट; २० आणि पुढे म्हणजे लक्षणं तीव्र. जीएडी-७ मध्ये २१ पैकी १० ही तशीच रेषा. मात्र रात्रपाळी करणाऱ्याला किंवा नुकत्याच कोविडमधून उठलेल्याला झोप, भूक आणि थकवा या प्रश्नांवर गुण आपोआप जास्त पडतात. म्हणून पहिले दोन प्रश्न वेगळे बघा: कशातच रस न वाटणं आणि उदास वाटणं. या दोन्हींची बेरीज ३ किंवा जास्त असेल तर एकूण गुण कमी असले तरी भेटा.

नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तिथे ० सोडून काहीही खूण असेल तर त्याच दिवशी समोरासमोर भेट, बेरीज कितीही असो. म्हणजे भरलेले कागद त्याच दिवशी वाचले गेले पाहिजेत. खोक्यात आठवडाभर पडलेले कागद धोकादायक आहेत. भेटीत थेट विचारा: मरणाचे विचार येतात का, काही ठरवलं आहे का, साधन हाताशी आहे का. थेट विचारल्यानं विचार बळावत नाही. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या बाबतीत साधनाचा प्रश्न जास्त गंभीर असतो, कारण औषधं त्यांच्या हाताखालीच असतात. काही काळ औषधांच्या कपाटाची किल्ली नसलेल्या जागी काम देणं हा साधा उपाय आहे. ठरवलेलं असेल तर एकटं सोडायचं नाही, तज्ज्ञापर्यंत स्वतः बरोबर जायचं. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला आत्ताच असे विचार येत असतील तर आजच, ड्यूटी संपायची वाट न बघता, जवळच्या माणसाला सांगा आणि आपत्कालीन विभाग किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा.

दुखणं अंगावर काढण्याची सवय या पेशात खोल आहे. न्यूयॉर्कमधल्या आपत्कालीन विभागाच्या डॉक्टर लॉर्ना ब्रीन यांनी एप्रिल २०२० मध्ये जीवन संपवलं. मानसिक उपचार घेतल्याचं कळलं तर परवाना जाईल ही भीती त्यांना होती, असं त्यांच्या कुटुंबीयांनी सांगितलं आहे. मार्च २०२२ मध्ये त्यांच्या नावानं अमेरिकेत आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी कायदा झाला. तुमच्या संस्थेच्या नेमणुकीच्या अर्जात ‘कधी मानसिक उपचार घेतले आहेत का’ असा प्रश्न असेल तर तो काढून ‘सध्या काम सुरक्षितपणे करण्यात अडथळा येईल असा कोणताही आजार आहे का’ असा करून घ्या. एका ओळीचा बदल आहे, पण त्यासाठी पाठपुरावा लांबलचक करावा लागतो.

आणखी दोन गोष्टींवर नजर ठेवा. डॉक्टर स्वतःच स्वतःला झोपेच्या गोळ्या लिहून घेतात. आणि ड्यूटीनंतर रोज दारू घेतल्याशिवाय झोप न येणं हळूहळू नित्याचं होतं. दोन्हींबद्दल विचारताना आवाजात न्यायाधीश नको.

रजेचा कागद

११व्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं, बर्नआउटचं वर्णन कामाशी निगडित स्थिती असं आहे: सततचा थकवा, कामापासून मन तुटणं, आपल्या हातून काही होत नाही ही भावना. त्यात तो आजार म्हणून गणलेला नाही. त्यामुळे रजेच्या दाखल्यावर ‘बर्नआउट’ लिहिलं की अर्ज परत येऊ शकतो. निद्रानाश, नैराश्य, समायोजनाचा विकार (ताणाच्या प्रसंगाशी जुळवून न घेता आल्यानं होणारा त्रास) यांचे निकष खरोखर पूर्ण होत असतील तर दाखल्याच्या मूळ प्रतीवर ते लिहावं. वरिष्ठांच्या टेबलावर जाणाऱ्या अर्जावर मात्र ‘वैद्यकीय कारण’ आणि दिवस, एवढंच. मूळ प्रत बंद पाकिटात संस्थेच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे द्यावी आणि पोच घ्यावी. पोच जपून ठेवा. वर्षभरानं वेतनवाढीच्या वेळी ती उपयोगी पडते.

लाट ओसरल्यावर

आकडे खाली आले की आधार गट बरखास्त करण्याची घाई होते. गर्दी नेमकी तेव्हा वाढते. लाट असताना माणूस पुढच्या रुग्णाकडे बघत असतो. वॉर्ड रिकामा झाला की झोप उडते, मॉनिटरचा आवाज घरी ऐकू येतो, विशिष्ट खाटेजवळून जाणं टाळलं जातं, राजीनामे येतात. टोरांटोमध्ये २००३ च्या सार्सनंतर एक-दोन वर्षांनी केलेल्या पाहणीत, सार्सचे रुग्ण हाताळलेल्या रुग्णालयांतले कर्मचारी इतरांपेक्षा जास्त थकलेले आणि त्रस्त आढळले होते. म्हणून गटाच्या मुदतवाढीची टिपणी लाट चालू असतानाच पाठवा आणि मुदत शेवटच्या लाटेनंतर निदान दोन वर्षं मागा. लाट उतरल्यावर ती मंजूर होणं अवघड असतं.

पहिल्या महिन्यातली दचकणं, स्वप्नं, रडू येणं यांना लगेच आजाराचं नाव देऊ नये. बहुतेकांचं हळूहळू कमी होतं. आठवड्यातून एकदा विचारपूस करत राहायचं. महिना उलटूनही प्रसंग डोळ्यांसमोर येत असेल, टाळाटाळ वाढली असेल आणि काम-घर दोन्ही बिघडलं असेल तर आघातोत्तर ताणाची रीतसर तपासणी करायची. त्यासाठी पीसीएल-५ ही वीस प्रश्नांची यादी आहे, ८० पैकी ३१ ते ३३ च्या वर गुण आले तर तज्ज्ञांची मुलाखत. उपचार म्हणजे आघातावर केंद्रित बोधात्मक वर्तनोपचार (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारा) किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींचा वापर करून आघाताच्या आठवणींवर काम करणारी पद्धत), साधारण आठ ते बारा सत्रं. ही सत्रं ड्यूटीच्या वेळात बसवा. सुटीच्या दिवशी ठेवली तर तिसऱ्या-चौथ्या सत्रानंतर माणूस येत नाही.

समुपदेशकांनाही कुणीतरी ऐकायला हवं. दर पंधरवड्याला बाहेरच्या ज्येष्ठ तज्ज्ञाबरोबर एक तास, आणि तो तास खर्चाच्या टिपणीत आधीच धरलेला असावा.

रजेवरून परतणाऱ्याला पहिल्याच दिवशी अतिदक्षता विभागात उभं करू नका. पहिला आठवडा अर्धी पाळी, दिवसाची, गंभीर रुग्ण नसलेल्या जागी. दुसऱ्या आठवड्यात पूर्ण पाळी. रात्रपाळी चौथ्या आठवड्याआधी नाही. हे वेळापत्रक फिटनेसच्या दाखल्यावरच तारखांसह लिहून घ्या, कारण तोंडी ठरलेलं पहिल्या गैरहजेरीच्या दिवशी मोडतं. त्याच्या जोडीदाराचं नाव तक्त्यात पुन्हा घाला, आणि सहकाऱ्यांना काय सांगायचं, किती सांगायचं हे परतणाऱ्याला विचारूनच ठरवा.